विमलताईंचं माप

“माप बसवून घ्यायचं, मॅडम. आणि अनवाणी घ्यायचं,” पांचाळ मिस्त्री म्हणाले. “यातलं एक जरी चुकलं ना, तर माझं लाकूड वाया जातंय आणि तुमचं माणूस.”

मी हसले. खरं तर माझं लक्ष मोबाईलमध्ये होतं. पाळणाघराच्या आपटेकाकूंनी राहीचा फोटो पाठवला होता. ती भिंतीला टेकून बसलेली, आणि टोपी पार डोळ्यांवर आलेली. फोटो काढायच्या आधी कोणी ती टोपी वर का केली नाही, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

“मिस्त्री, नव्या खुर्च्या वर-खाली होणाऱ्या आहेत,” मी म्हटलं. “जिला जशी हवी तशी ती करून घेईल.”

“खुर्ची हलतीय. टेबल हलतंय का?” त्यांनी जवळची खुर्ची ओढली आणि स्वतःच बसून दाखवलं. “बुटकं माणूस काय करतंय, हात पुरावा म्हणून खुर्ची वर घेतंय. मग पाय लोंबत्यात. पाय टेकवायला खाली घेतली, तर खांदे कानाला लागत्यात. म्हणून मी पायाखाली पाट देतो. पण पाट किती उंचीचा, ते तुमचं माप सांगणार.”

“बरं बरं. घेते नीट.”

“नीट म्हणजे बसवून,” ते पुन्हा म्हणाले. “आणि अनवाणी.”

साठीच्या पुढचा माणूस, एकच गोष्ट तीन-तीनदा सांगतोय, असं मला वाटलं.

आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागला, स्कूटरच्या एका शोरूमच्या वर होतं. हॉस्पिटलांकडून विम्याचे कागद यायचे आणि बावीस बायका ते संगणकात भरायच्या. दिवसाला प्रत्येकीला एकशेवीस केस. पाठ-कंबर दुखण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा पुण्याच्या मुख्य ऑफिसनं खुर्च्या बदलायचं ठरवलं. टेबलं मात्र तीच राहणार होती, भिंतीला स्क्रूनं बसवलेली. म्हणून प्रत्येकीचं गुडघ्याच्या मागच्या खळीपासून टाचेपर्यंतचं माप हवं होतं. सोळा इंच किंवा जास्त भरलं तर पाट नको. कमी भरलं तर जेवढं कमी, तेवढा पाट. बायकांच्या गुडघ्याला पुरुषमाणसानं टेप लावायचा नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तिथं प्रशासन सांभाळत होते. तक्त्याच्या तळाशी एक ओळ छापलेली होती, ‘प्रत्येक माप बसवून व अनवाणी घेतले आहे’, आणि तिच्याखाली माझ्या सहीची जागा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. राही दहा महिन्यांची. मंदार, माझा नवरा, कामासाठी रत्नागिरीला असायचा, पंधरा दिवसांनी यायचा. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन मला तीन महिने झाले होते आणि नोकरी कायम होण्याचा कागद निरगुडे सरांच्या टेबलावर तसाच पडून होता. “बघू, बघू,” ते म्हणायचे, “आधी तुमचं लक्ष ऑफिसात परत येऊ दे.” पाचला पाच मिनिटं असताना मी पर्स आवरायला लागले, की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे.

त्या ऑफिसात माझी बाजू घेणारं एकच माणूस होतं, विमलताई खाडे. सेहेचाळीस वर्षांच्या, बावीस जणींत वयानं सगळ्यांत मोठ्या आणि उंचीनं सगळ्यांत लहान. चार फूट सात इंच. त्याची भरपाई त्या सँडलनं करायच्या. अडीच इंची टाचा, काळ्या, पट्ट्याला सोनेरी बक्कल. संगणकाच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता. बाहेरच्या मांडणीत त्यांच्या सँडल इतर सपाट चपलांमध्ये लांबून ओळखू यायच्या. नवरा गेल्यावर त्या टायपिंग शिकल्या होत्या आणि त्या पगारावर मुलीला, शीतलला, नर्सिंगला घातलं होतं.

रजेवरून आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा कुडता दुधानं भिजला. मी फाईल छातीशी धरून उभी राहिले. विमलताईंनी काही न विचारता मला रेकॉर्डच्या खोलीत ढकललं, दार ओढून घेतलं आणि बाहेर पाठ लावून उभ्या राहिल्या. कोणी तरी आत यायला निघालं तर त्यांचा आवाज आला, “आत मॅडम फाईल शोधायल्यात. तुला काय पाहिजे ते मला सांग, मी देते. नाही सापडलं तर उद्या ये.” तेव्हापासून रोज साडेअकरा आणि तीन वाजता त्या स्वतःच्या केस सोडून दाराशी येत. मी आत पंप लावून बसे. “निवांत होऊ द्या,” त्या दाराला तोंड लावून म्हणत, “लेकराच्या पोटाचं आहे.”

मापं घ्यायला मी बुधवारी जेवणानंतर बसले. एकेकीला खुर्चीत बसवायचं, साडी किंवा सलवार जरा वर, टेप लावायचा, लिहायचं. गंमत चालली होती. एकीला गुदगुल्या होत होत्या, दुसरी म्हणाली, “मॅडम, कमरेचं नका घेऊ म्हणजे झालं.” चौदा जणींची मापं झाली तेव्हा चार वाजले होते, आणि आपटेकाकूंचा फोन आला.

“राही तापलीय गं. एकशे दोन आहे. दूधही टाकलं तिनं. येतेस का?”

मला पुढचं नीट आठवत नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आठवतं. सगळं आठवतं. आठ मापं राहिली होती आणि पाचच्या आत तक्ता पुण्याला जायला हवा होता. सात जणींकडे मी आपल्या जागेवरूनच बघितलं आणि अंदाजानं आकडे लिहिले. ही त्या अमकीएवढी, ती त्या तमकीएवढी. विमलताईंचा रकाना तेवढा मोकळा राहिला, कारण त्यांच्याएवढं कोणी नव्हतंच.

त्या तोवर माझी पर्स घेऊन बाहेर दारात पोचल्या होत्या. खाली रिक्षा थांबवायला निघालेल्या, सँडल घातलेल्या.

“ताई, तुमचं माप राहिलं!”

“घ्या की ओ उभ्या-उभ्या. लेकरू तापलंय तिकडं आणि तुम्हाला माझी तंगडी सुचतीय!”

मी खाली वाकले. साडीवरूनच गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडला.

“सोळा,” मी म्हटलं.

“सोळा? म्हणजे पाट नाही?” त्या हसल्या. “बघा, जन्मात पहिल्यांदा उंचीच्या परीक्षेत पास झाले.”

मी सोळा लिहिलं, सही केली, कागदाचा फोटो पुण्याला पाठवला आणि जिना उतरले.

राहीचा ताप दोन दिवसांनी उतरला. साधाच होता.

पंधरा दिवसांनी खुर्च्या आल्या. राखाडी, पाठीला जाळी असलेल्या. मिस्त्रींनी पाच पाट आणले, कडा घासून गुळगुळीत केलेले, खाली रबर ठोकलेले. पाच जणींच्या टेबलाखाली त्यांनी ते स्वतः सरकवले. विमलताईंच्या टेबलापाशी ते थांबले.

“या बाईंचा पाट?”

“त्यांचं माप सोळा आहे, मिस्त्री,” मी म्हटलं.

त्यांनी विमलताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. “तुम्ही घेतलंय ना माप?”

“मीच घेतलंय.”

त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले.

माझ्या केबिनला काच होती आणि काचेतून विमलताईंचं टेबल दिसायचं. त्या मागे टेकून बसल्या की त्यांचे अनवाणी पाय जमिनीच्या वर राहायचे. चारेक बोटं तरी. मग त्या खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेला यायच्या, अंगठे टेकवायच्या आणि तसंच टाईप करायच्या. पाठ नव्या जाळीपासून हातभर लांब. मी हे पहिल्याच दिवशी बघितलं. बघायची मला सवयच आहे. राही झोपली की मी तिचा श्वास बघत बसायचे. जे दिसू नये तेही मला दिसतं.

तिसऱ्या दिवशी त्या केबिनमध्ये आल्या. “मॅडम, माझा पाट राहिला का ओ?”

मी तक्ता उघडला. तो उघडायची काही गरज नव्हती. “ताई, लिस्टप्रमाणे तुमचं सोळा आहे. सोळाला पाट नाही.”

“व्हय, पण पाय टेकंनात.”

“सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात.”

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. “बरं,” म्हणाल्या. मग जाता जाता, “राहीला दात येतायत का? बोटं चघळती म्हणत होतात.”

मी सांगायला हवं होतं. एका ओळीचं पत्र होतं ते पुण्याला, ‘एका मापात चूक झाली आहे.’ पण एक चूक सांगितली की ते विचारणार, बाकीची नीट घेतली का? मग बसवून आणि अनवाणी या दोन शब्दांखालची माझी सही. मग निरगुडे सर. मग तो टेबलावर पडलेला कागद. मला सगळं रांगेत दिसायचं, अगदी पाळणाघराची फी थकण्यापर्यंत. सही बाजूला राहू दे, बाजारातून एक साधा पाट आणून ठेवला असता तरी भागलं असतं. मारुती रोडला भांड्यांच्या दुकानात पाट मिळतात. पण तो पाट दिसला असता, आणि कोणी तरी विचारलं असतं.

विमलताईंनी स्वतःच सोय केली. रेकॉर्डच्या खोलीतल्या दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या त्यांनी एकावर एक ठेवल्या, जुन्या ओढणीत गाठोड्यासारख्या बांधल्या आणि पायाखाली घेतल्या. “अख्खी सांगली पायाखाली आहे माझ्या,” त्या सगळ्यांना सांगायच्या. दोन महिने ते तसं चाललं. मला बरं वाटलं. प्रश्न मिटला असं मी धरून चालले.

मग पुण्याहून देवयानी फणसळकर यायचं ठरलं, नव्या खुर्च्यांची तपासणी करायला. आदल्या दिवशी निरगुडे सरांनी मला बोलावलं. “टेबलाखाली एक चिंधी दिसता कामा नये. वायरी, पिशव्या, काही नाही. आणि तुमचा तो कायमचा कागद आहे ना, ही बाई गेली की बघूनच टाकू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. चप्पल काढली, विमलताईंच्या टेबलाखाली वाकले, आणि ते गाठोडं बाहेर काढलं. जड होतं. ओढणीवर त्यांच्या टाचांच्या जागी दोन खड्डे पडले होते. मी ते रेकॉर्डच्या खोलीत नेऊन ठेवलं, त्याच खोलीत, जिथं त्या माझ्यासाठी दार धरून उभ्या राहायच्या. मला वाटलं होतं, संध्याकाळी परत ठेवीन.

विमलताई आल्या, बसल्या, पायानं खाली चाचपलं. मग मान फिरवून काचेतून माझ्याकडे बघितलं. मी फोनवर बोलत असल्यासारखं केलं.

फणसळकर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. हातात पॅड आणि कागद. एकेका खुर्चीशी थांबून विचारायच्या, “मागे टेकून बसा. हं. पाय टेकतात?” मी मागोमाग चालत होते. विमलताईंशी आल्या.

“पूर्ण मागे टेका, ताई.”

विमलताई मागे सरकल्या. सरकताना त्यांनी निऱ्यांचा घोळ पुढे ओढला आणि तो खाली सोडला. साडीचा काठ फरशीला लागला. आत काय होतं ते दिसत नव्हतं.

“पाय टेकतात ना?”

विमलताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखं. मी काही म्हणते का याची त्यांनी वाट बघितली. हे मला तेव्हाच कळलं होतं, नंतर नाही.

“टेकतात, मॅडम,” त्या म्हणाल्या.

फणसळकरांना बहुधा शंका आली असावी. त्या माझ्याकडे वळल्या. “यांचं सोळा आहे? अनवाणी?”

“हो,” मी म्हटलं. “सगळ्यांचंच अनवाणी.”

त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या टेबलाशी गेल्या.

दुपारी निरगुडे सरांनी रेकॉर्डची खोलीही साफ करून घेतली. संध्याकाळी मी गाठोडं आणायला गेले तर रद्दी गेली होती. ओढणी तेवढी खिडकीच्या गजाला अडकवून ठेवलेली. मी ती विमलताईंच्या टेबलावर ठेवली. त्या निघून गेल्या होत्या.

आठवड्यानं माझी नोकरी कायम झाली. मी पेढे वाटले. विमलताईंनी एक घेतला आणि अर्धा तोडून परत डब्यात ठेवला. “साखर जपायला सांगितलीय डॉक्टरांनी,” म्हणाल्या. त्यानंतरही त्या साडेअकराला आणि तीनला दाराशी यायच्या. मीच एक दिवस सांगितलं, राही आता वरचं खाते, आता गरज नाही. गरज होती. पुढचे काही आठवडे मी बाथरूममध्ये उभी राहून दूध काढत होते, कारण त्या दाराच्या पलीकडे उभ्या आहेत हे मला सहन होईना.

दिवसाच्या एकशेवीस केसच्या शंभर झाल्या, मग नव्वद. त्या मधेच उठून भिंतीला धरून उभ्या राहायच्या, पोटरी चोळायच्या. निरगुडे सरांनी विचारलं, “खाडेबाईंचं काय? खुर्ची नवी, सगळं नवं.” मी म्हटलं, “वय झालंय, सर.”

हे वाक्य मी म्हटलं. ते इथं लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

चार महिन्यांनी एका सोमवारी त्या आल्या नाहीत. शीतलचा फोन आला. डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता, शिरेत रक्ताची गाठ झाली होती. मिरजेला दाखल केलं होतं. गाठ छातीकडे सरकली तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

नऊ दिवसांनी त्यांना घरी सोडलं, तेव्हा मी गेले. सफरचंदं घेऊन. शीतलनं दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत निघून गेली. विमलताई कॉटवर होत्या, पाय दोन उशांवर. घोट्याशी कातडी चकाकत होती. दाराशी चपलांमध्ये त्या काळ्या सँडल नव्हत्या.

“बसा की,” त्या म्हणाल्या. “राही कशी आहे?”

“चालायला लागली.”

“पडती का?”

“पडते.”

“पडू दे. धरून ठेवू नका.”

स्वयंपाकघरात शीतल भांडी जोरात ठेवत होती. मी सांगून टाकलं. माप उभ्यानं घेतलं होतं, सँडलसकट. मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. डिरेक्टऱ्या मीच काढल्या.

“ते मला माहीत आहे,” विमलताई म्हणाल्या. “मी काय आंधळी आहे?”

“मग तुम्ही त्या बाईंना ‘टेकतात’ का म्हणालात?”

“तुमची नोकरी पक्की व्हायची होती. पोर अंगावर पीत होतं.” त्यांनी उशी जरा सरकवली, ओठ आवळले, परत सरकवली. “मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी, मॅडम. तुम्ही कोणासाठी बोललात?”

‘राहीसाठी’ असं माझ्या ओठांवर आलं होतं. आलं, आणि त्याच वेळी मला कळलं, की हा शब्द उच्चारला तर ते सगळं माझ्या पोरीच्या अंगावर जाईल, आणि तिला तर अजून बोलताही येत नव्हतं.

थोड्या वेळानं शीतल बाहेर आली आणि म्हणाली, “आईला आता झोपायचंय.”

डॉक्टरांनी खुर्चीचं नाव घेतलं नव्हतं. वय, साखर, जुन्या शिरा, एका जागी बसणं, असं सांगितलं होतं. त्या यादीच्या आड मी ते नऊ दिवस लपून राहिले. पण त्यांच्याकडून परत आले, त्याच रात्री मी पुण्याला लिहिलं. आठही मापं चुकीची आहेत, सही माझी आहे. मला काढलं नाही. एक ताकीद आली आणि पगारवाढ थांबली, इतकंच. ज्या गोष्टीला मी एवढी भ्यायले होते, ती इतकी लहान होती.

पांचाळ मिस्त्री परत आले. ऑफिसातल्या सात जणींची मापं घेताना यावेळी ते दाराबाहेर उभे राहिले आणि मी आतून आकडे ओरडले. विमलताईंचं माप मी त्यांच्या घरी जाऊन घेतलं. शीतलनं घेऊ दिलं, पण माझ्या हातातला टेप काढून घेऊन स्वतः लावला. साडेतेरा. मिस्त्रींनी अडीच इंचांचा पाट केला. पण विमलताई परत आल्याच नाहीत. डॉक्टरांनी बसून काम करायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या जागी एक उंच मुलगी आली. तिला पाटाची अडचण व्हायची. ती तो रोज पायानं भिंतीकडे ढकलायची.

याला सहा वर्षं झाली. विमलताई अजून पायाला पट्टा बांधून चालतात, बाजारात कधी दिसतात. मला बघून थांबतात, राहीबद्दल विचारतात. सपाट चपला असतात.

मागच्या शनिवारी राहीच्या शाळेत पालकसभा होती. दुसरीचा वर्ग. ती बाकावर बसून पाय हलवत होती आणि बाई म्हणाल्या, “राही, नीट बस.” मी भर सभेत खाली वाकले. तिचे बूट फरशीच्या बरेच वर होते. वर्गात आणखी सोळा जणांचे होते. मी मोजले.

म्हणून हे लिहिलं. माझी एवढी विनंती आहे. उद्या तुम्ही कामावर जाल, तेव्हा तुमच्या खोलीतली जी बाई कधी तक्रार करत नाही, जी सगळ्यांची विचारपूस करते आणि खुर्चीच्या कडेवर बसते, तिच्या टेबलाखाली एकदा वाकून बघा. तिला विचारलंत तर ती ‘टेकतात’ असंच म्हणेल. तरी वाका.